न बघता उचललेला आंबा

माझी बायको कुठल्याच प्रश्नाला एक आकडा सांगत नाही. घरी कधी पोहोचतेस विचारलं तर म्हणते, "वीस ते पस्तीस मिनिटं." सुनयना सानपाड्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि तिथला रोग कामोठ्याला घरी घेऊन येते, असं मी चारचौघांत म्हणायचो. गेल्या वर्षीपासून म्हणत नाही.

नोकरी सोडून मी कंपन्यांना भेट म्हणून द्यायला हापूसच्या पेट्या पुरवायला लागलो, तेव्हा वाशीच्या एपीएमसी मार्केटात मला कुणी दारात उभं करत नव्हतं. तिथले आंब्याचे व्यापारी झहूरभाई, त्यांनी मला आपल्या गाळ्यावर बसवून घेतलं. मुरूडकडे त्यांची स्वतःची बाग. देठाशी नाक नेऊन आंबा कसा ओळखायचा, पेंढा किती घालायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं, तेही चहा पाजून. माझ्या साताऱ्याकडच्या सख्ख्या काकांनी एवढं केलं नसतं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ऐरोलीच्या एका कंपनीने आठशे पेट्या मागितल्या. तिथल्या संघमित्रा मॅडमची अट एकच होती. पेटीत बारा आंबे, त्यातला एकही साक्याचा निघणार नाही, असं लिहून द्या. साका म्हणजे आंब्याच्या आतला पांढरट, आंबट, स्पंजासारखा भाग. बाहेरून रंग, वास सगळं फर्स्टक्लास असतं, कापल्याशिवाय कळत नाही. लिहून दिलं आणि माल परत आला, तर माझा धंदा तिथेच बसला. नाही दिलं, तर ऑर्डर गेली. मी पेन उघडून बसलो होतो.

"थांब," सुनयना म्हणाली. "आधी थोडे कापून बघू."

दुसऱ्या दिवशी दोघं गाळ्यावर गेलो. झहूरभाईंना कोण आनंद झाला. त्यांनी स्वतः पेट्या उघडल्या, आंबे हातात घेऊन दाबले, हुंगले, आणि एकेक कापून ताटात मांडला. वीस आंबे, एकातही साका नाही. केशरी फोडींनी ताट भरलं. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"हे आपण मोजायचे नाहीत," ती म्हणाली. "हे झहूरभाईंनी निवडलेत. गिऱ्हाइकाच्या पेटीत निवडलेले नसतील."

मग तिने पेट्यांवर खडूने नंबर टाकले आणि फोनमधून कुठलेही आकडे काढायला लागली. अमुक पेटी, खालचा थर, डावीकडून तिसरा. झहूरभाईंचा हात तिसऱ्यावर जायचा आणि आपोआप चौथ्याकडे वळायचा. "हा नको, वहिनी, याचा रंग बगा." ती म्हणायची, "तिसराच." असं चार-पाच वेळा झालं तेव्हा त्यांनी सुरी खाली ठेवली.

"माझ्या मालावर भरवसा नाय का?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. ज्यांनी मला उभं केलं, त्यांच्याच गाळ्यावर माझी बायको त्यांची परीक्षा घेत होती. मी तिला निघू या म्हणून खूण केली. ती हलली नाही.

"तुमच्यावर आहे, भाई," ती म्हणाली. "पण तुम्ही आम्हाला चांगलाच आंबा देणार, आणि मला सगळा माल कसा आहे ते कळायला हवं."

झहूरभाईंनी तो तिसरा आंबा हातात घेतला. "आमच्याकडं पावन्याला निवडून देतात, वहिनी," ते म्हणाले. "हात घालून येईल तो आंबा घरचे खातात." आणि सुरी परत उचलली. नंतर त्यांचा हात एकदाही चौथ्याकडे वळला नाही.

ऐंशी आंबे कापले. आठांत साका निघाला. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरायचा, तरी ते पुढचा कापत राहिले. चांगल्या फोडी गल्लीतल्या हमालांनी संपवल्या. ऐंशी आंब्यांचा एक रुपयाही त्यांनी घेतला नाही.

"म्हणजे शंभरात दहा," मी म्हणालो.

"पाच ते अठरा," सुनयना म्हणाली. "आपण थोडेच कापले, म्हणून दहावर थांबता येत नाही. असं शंभर वेळा कापून दर वेळी असा पट्टा काढला, तर पंचाण्णव वेळा खरा आकडा पट्ट्यात सापडेल."

"आणि आजची वेळ उरलेल्या पाचांतली असेल तर?"

"असू शकते."

असल्या बाईबरोबर संसार करायला काळीज लागतं. पण मी पेन बंद केलं. वाईटात वाईट अठरा धरले, तर डझनात दोनेक आंबे जाणार. मी संघमित्रा मॅडमना सांगितलं, की साका नाही असं लिहून देणार नाही. पेटीत पंधरा आंबे ठेवीन, पैसे बाराचे घेईन, सोबत माझ्या नंबरची चिठ्ठी असेल. तरीही कुणाला बारा चांगले मिळाले नाहीत, तर मी घरी आणून देईन.

त्यांनी पंधराचा हिशेब पुन्हा एकदा विचारून घेतला. मग ऑर्डर निम्मी केली. चारशे पेट्या गेल्या. वीसेक फोन आले, स्कूटरवरून मी स्वतः आंबे पोहोचवले. या वर्षी त्यांनी आठशेच्या आठशे मागवल्या. मी पहिल्या दिवशी सही केली असती, तर ते वीस फोन माझ्या नाही, वकिलाच्या नंबरवर गेले असते. सुनयनाचे हे उपकार मी मानतो, आणि तिला ते सांगितलंही. "किती मानतोस?" तिने विचारलं. मी म्हणालो, "नव्वद ते शंभर."

यंदा मे महिन्यात आम्ही झहूरभाईंच्या घरी मुरूडला गेलो. पनवेलचे दोन व्यापारी ओट्यावर बसले होते. भाईंनी त्यांच्यासाठी एकेक आंबा दाबून, हुंगून, फिरवून निवडला आणि कापून पुढे ठेवला. मग त्यांच्याशी बोलता बोलताच मागे पेंढ्यात हात घातला, हाताला लागला तो आंबा न बघता काढला आणि माझ्या हातात दिला.

मी कापला. कोयीजवळ पांढरा साका होता.

"निघाला?" त्यांनी विचारलं.

"निघाला."

त्यांनी माफी मागितली नाही, दुसरा आणला नाही. व्यापाऱ्यांकडे वळून दराचं बोलत राहिले. सुनयनाने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले होते. मी सुरीने साका काढला आणि उरलेला आंबा सालीपर्यंत खाल्ला. इतक्या वर्षांत झहूरभाईंनी मला न निवडता दिलेला तो पहिला आंबा होता.