बिनगाठीचा अभ्रा

थोरलीच्या घरात देवाचं काम नुसतं उरकलं जात नसे. आज्ञा पाळायची तर देखणी पाळायची, हा तिचा हट्ट. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाच्या, टेबलावरच्या चादरीला एक सुरकुती दिसली तरी ती सगळी चादर पुन्हा इस्त्री करायची. "नुसतं ओझं तर गाढवंही वाहतात," म्हणायची.

सुनेला मुलगा झाला, तोही दिवस भरायच्या आधी. चिमणीएवढा जीव, दूध पिता पिता दमायचा. तरी रीतीप्रमाणे आठव्या दिवशी सुंता करायला डॉक्टरांनी हो म्हटलं. जन्माआधी काही शिवायचं नाही, म्हणून थोरली सात दिवस दार लावून बसली आणि सुंतेच्या वेळी बाळाला ठेवायच्या उशीचा अभ्रा भरला. पांढऱ्यावर पांढरी डाळिंबं, कडेनं वेल. विहीण येणार होती, आणि विहिणीची नजर म्हणजे सुईचं टोक.

आठव्या सकाळी बाहेरच्या खोलीत माणसं जमली. धाकटी बहीण अभ्रा बघायला आत आली. दोघी मिळून तीस वर्षं समाजातल्या मेलेल्यांची कफनं शिवत आल्या होत्या. कफनाला गाठ मारत नाहीत. दोऱ्याचं टोक मोकळं सोडायचं, म्हणजे जाणारा कशात अडकत नाही. धाकटीनं अभ्रा उलटा केला, बोट फिरवलं, परत फिरवलं.

"ताई, गाठ कुठंय गं?"

एकाही डाळिंबाला नव्हती. हात सवयीनं चालला होता.

आता मार, कोणाला कळतंय, असं धाकटी म्हणाली. थोरलीनं एक टोक ओढलं, तर अख्खं पान उसवून हातात आलं. बाहेरून सुनेनं विचारलं, "आई, उशी आणताय ना? सगळे थांबलेत."

थोरलीनं अभ्रा गादीखाली कोंबला आणि दोरीवरचा जुना टॉवेल उशीला गुंडाळला.

विहीण हसलीच. आठवडाभर दार लावून हेच शिवत होता का, म्हणाली. थोरलीच्या जिभेला कधी हाड नव्हतं, पण आज ती नुसतं "हो" म्हणाली.

बाळाला आजोबांच्या मांडीवर, उशीवर ठेवलं. आशीर्वाद झाला, सुंता झाली, नाव ठेवलं. सगळे रडण्याची वाट बघत होते. बाळानं फक्त ओठ हलवले.

"गुणाचं आहे हो," विहीण म्हणाली.

थोरलीनं टॉवेलाचं लोंबणारं टोक धरलं आणि त्याला गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी. बाळ अजून रडत नव्हतं.