टाकीचं झाकण

मित्रांनो, मी एक जुना जनरेटर आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. हा फरक आधीच सांगून ठेवतो. कारण बोपोडीतल्या एका गल्लीत माझ्याबद्दल सध्या जे बोललं जातं ना, ते आठवलं तरी डोकं तापतं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. लाल रंग दिला, इंजिन बसवलं, बाजूला ओढायची दोरी लावली, झालं. खरं आयुष्य गेलं लोणी काळभोरला, बद्रीनाथ मंडपवाल्याकडे. लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका. लाइट गेली की सगळा मांडव ओरडायचा. मग बद्रीनाथ दोरी ओढायचा, दिवे लागायचे आणि मांडव परत ओरडायचा. ते दुसरं ओरडणं माझ्यासाठी असायचं. आता, मला ठेवायचे खरकट्या पत्रावळींच्या शेजारी, आवाज करतो म्हणून. पण चालायचं. कामाच्या वेळी आठवण यायची, तेवढं पुरे होतं.

एकदा टेम्पोतून उतरवताना मी आपटलो आणि पेट्रोलचा काटा गेला. तेव्हापासून टाकी भरलेली असो की कोरडी, काटा वरच. बाकी तब्येत एकदम ठणठणीत.

गेल्या मे महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं. वादळ कोकणात धडकणार होतं, पण पुण्यातही जोराचा वारा सुटेल, झाडं पडतील, लाइट जाईल, असे मेसेज सगळ्यांच्या फोनवर आले. तेव्हा दीपाली बद्रीनाथकडे आली. ती लोणीचीच मुलगी, सासर बोपोडीला. तिचे सासरे भीमराव. भट्टीखात्यात फिटर होते, त्या धुरात छाती गेली. आता दिवसातले सोळा तास ऑक्सिजनच्या मशीनवर. ते मशीन विजेवर चालतं. लाइट गेली की मशीन बंद. मग छोटा सिलिंडर लावायचा, तो जेमतेम अर्धा तास पुरतो.

दीपालीने हातातला कागद पुढे केला. मशीनला किती वॅट लागतात ते त्यावर लिहून आणलं होतं.

"हा उचलेल ना एवढं, काका?"

"अगं, शंभर बल्ब अन् वर मिक्सर उचलतोय ह्यो. तुझ्या लग्नात लाइट गेली तवा ह्योच तर व्हता!"

तिचा नवरा राकेश मागे मोटरसायकलला टेकून उभा होता. "मी नवीन इन्व्हर्टर घेऊ म्हणतोय तर नाही. हिला माहेरचंच भंगार पाहिजे."

"अहो, इन्व्हर्टर तीन तास चालेल. लाइट दोन दिवस आली नाही तर?"

दीपाली काकूंना भेटायला आत गेली, तेव्हा मला दोरखंडाने बांधता बांधता बद्रीनाथने राकेशला बजावलं, "काट्यावर जाऊ नगा. काटा खोटं बोलतो. झाकण उघडून बघायचं." राकेशने मान डोलावली. मी स्वतः बघितली ती मान डोलताना.

बोपोडीत मला लय भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. दीपालीने गॅलरीतल्या कुंड्या आत घेतल्या, पाण्याचं पिंप भरून ठेवलं. शेजारच्या शकूमावशींनी वरच्या पत्र्यावर ठेवायला जुने टायर दिले. भीमरावांनी खुर्चीत बसून हुकूम सोडले. "जनरेटर बाहेर ठेवा, खिडकीपासून लांब. धूर आत आला तर मला ऑक्सिजन नको, डायरेक्ट हार लागेल."

"बाबा, काहीही बोलू नका!" दीपाली ओरडली. शकूमावशी मात्र खुदकन हसल्या.

पंपावर कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत. म्हणून राकेशने मोटरसायकलची टाकी फुल केली आणि पाइप लावून माझ्यात उतरवली. मग ट्रायल. भीमरावांनी स्वतःच्या हाताने दोरी ओढली. धाप लागली तरी ओढलीच. दुसऱ्या झटक्यात मी सुरू. ऑक्सिजनचं मशीन अर्धा तास चालवलं. भीमरावांनी माझ्या टाकीवर थाप मारली, "शाब्बास रे गड्या. तू आहेस तर मी आहे."

असं बोलल्यावर माणूस काय, लोखंडही फसतं.

वादळाच्या दिवशी सकाळी सात वाजता राकेश पाइप घेऊन आला. त्याला हिंजवडीला कामावर जायचं होतं आणि पंपावर गल्लीच्या टोकापर्यंत रांग. त्याने माझं झाकण उघडलं, पाइप टाकला, तोंडाने ओढला. मला वाटलं, थोडं घेईल. त्याने शेवटच्या थेंबापर्यंत घेतलं. "दुपारी येऊन भरतो," असं पुटपुटला आणि गेला. माझा काटा वरच. तोंड असतं तर तिथेच बोंब मारली असती.

अकरा वाजता लाइट गेली.

दीपालीने भीमरावांना सिलिंडर लावला आणि पळत बाहेर आली. काटा बघितला. दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. तळहात सोलवटले तिचे. मी काय करणार? कोरड्या पोटी नुसता खोकलो. तिने राकेशला फोन लावला, स्पीकरवर.

"अहो, सुरूच होत नाहीये! टाकी तर भरलेली आहे, काटा वर आहे! काय करू?"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मित्रांनो, ते दोन सेकंद मी कधी विसरणार नाही. माझ्यापासून पाच पावलांवर शकूमावशींची स्कूटी उभी होती, पेट्रोल भरलेली. त्याने फक्त खरं सांगायचं होतं. टाकी रिकामी आहे, एवढंच.

"मी म्हटलं होतं ना तुला, भंगार आहे," राकेश म्हणाला. "रिक्षा बघ."

शकूमावशींनी आणि दीपालीने भीमरावांना खुर्चीसकट उचललं. वरून फांद्या पडत होत्या, एक पत्रा उडून नाल्यात गेला. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. हॉस्पिटलला पोचले तेव्हा सिलिंडर संपत आला होता आणि ओठ निळे पडले होते. हे मला शकूमावशींच्या बोलण्यातून कळलं.

चौथ्या दिवशी भीमराव घरी आले. आल्या आल्या, कुणाचाही हात न धरता, माझ्याकडे आले. मला वाटलं, चला, आता फिटर आलाय, आता कळेल. त्यांनी झाकण उघडलं. आत बघितलं. बोट घालून बघितलं, कोरडं. मग वळून दारात उभ्या राकेशकडे बघितलं. राकेशने मान खाली घातली.

त्यांना सगळं कळलं होतं. सगळं!

"काय झालं होतं हो बाबा त्याला?" दीपालीने आतून विचारलं.

भीमरावांनी झाकण लावलं. घट्ट लावलं. "जुनं मशीन, पोरी. त्याचा काय भरवसा."

"माझंच चुकलं," दीपाली म्हणाली. "मीच हट्टाने आणला."

तरीही भीमराव बोलले नाहीत. पोराचा राग मला आला होताच, पण तो पहिल्यापासून मला भंगारच म्हणत होता. थाप मारणारा हात यांचा होता.

आठवड्याने मला भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलं. भीमराव दारापर्यंत आले, टाकीवर हात ठेवायला लागले. मला तो हात नको होता.

भंगारवाल्याने दुकानात नेऊन मगभर पेट्रोल ओतलं, सहज, बघू तरी म्हणून. दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात मी सुरू! "आयला, हा तर चालू आहे!" तो म्हणाला. एवढा मोठ्याने मी आयुष्यात कधी धडधडलो नव्हतो. पण बोपोडीपर्यंत आवाज गेला नाही.

मित्रांनो, वादळ परत येईल. तुमच्याही घरी कुणीतरी मशीनवर श्वास घेत असेल. जनरेटर जुना घ्या, नवा घ्या, पण काट्यावर जाऊ नका, रोज झाकण उघडून बघा. आणि तुम्ही त्यातून काही काढून घेतलं असेल तर फोनवर दोन सेकंदसुद्धा गप्प बसू नका.

आणि एक काम करा माझं. बोपोडीला गेलात तर दीपालीला भेटा. तिला म्हणावं, तुझं काही चुकलं नाही. तू बरोबर निवडला होतास. टाकी रिकामी होती.