जाळीखालचं प्रवाळ

आमच्या मुलीचं, गालुहचं, लग्न एका प्रवाळावर येऊन अडकलं होतं, आणि ते प्रवाळ आमच्या बैठकीच्या खोलीत दिवसेंदिवस चहाच्या चोथ्यासारखं दिसायला लागलं होतं.

त्याचं असं झालं. आम्ही सुराबायाचे, मुलगा बागास मलांगचा. गालुहला पसंत, आम्हाला पसंत. पण बागासच्या आजीने दोघांच्या जन्मवारांच्या आकड्यांची बेरीज मांडली आणि ती काही धड येईना. जन्मवार जुळल्याशिवाय आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या घशाखाली घास उतरत नाही. आजी म्हणाली, "या बेरजेत भांडणं आहेत." माझी आणि माझ्या नवऱ्याची बेरीज उत्तम आली होती, सुख आणि भरभराट, तरी आम्ही रोज भांडतोच. पण मोठ्या माणसांपुढे हे बोलायचं कसं?

तेव्हा मुलाचे वडील मध्ये पडले. पाक दार्सोनो, पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव'. माणूस हसतमुख, पोट सुटलेला, आणि माझ्या नवऱ्यासारखाच, प्राप्तोसारखाच, खाऱ्या पाण्याच्या टँकचा वेडा. पहिल्याच भेटीत दोघं मुलामुलीचं सोडून पाण्यातल्या मिठाबद्दल बोलत बसले होते. दुसऱ्या भेटीत पाक दार्सोनोंनी आपल्या लाडक्या प्रवाळाची एक फांदी कापून पाण्याच्या पिशवीतून आणली. एकच तोंड, आणि भोवती सोनेरी टोकांची बोटं, पाण्याबरोबर डुलणारी. ती पिशवी प्राप्तोच्या हातात देत ते आपल्या आईला म्हणाले, "इबू, तुमची बेरीज राहू द्या बाजूला. माझी परीक्षा ही. हे नाजूक बाळ यांच्या घरी तगलं आणि फुललं, तर आपला बागास या घरचा जावई. नाही तगलं, तर तुम्ही म्हणाल तसं."

थट्टाच होती. पण आजीने गंभीरपणे मान हलवली, आणि त्या घरात आजीने मान हलवली की थट्टा उरत नाही.

दोन-तीन महिने बरे गेले. मग सोनेरी बोटं मळकट झाली, मग तपकिरी. त्यातच मागणी घालायला यायची तारीख ठरली. प्राप्तो कामावरून आला की चपला काढायच्या आधी टँकपुढे स्टूल ओढून बसायचा.

"बू, हे मरतंय," तो म्हणाला. आमच्या घरात मला मुलगीही बू, म्हणजे आई, म्हणते आणि नवराही.

"मरत नसेल हो. खाऊन-पिऊन सावळं झालंय."

"बू, थट्टा नको. आजी येणार आहे. आजी चष्मा लावून बघणार आहे."

गालुह नुसती टँकजवळ आली, काचेला बोट लावून उभी राहिली आणि आत निघून गेली. त्या पोरीला रागावताना पाहिलंय, हट्ट करताना पाहिलंय, पण अशी मुकाट आत गेलेली मी पाहिली नव्हती. मी पदर खोचला. म्हणजे खरं तर कमरेला गुंडाळलेल्या साराँगची गाठ घट्ट केली.

"चला," मी म्हटलं, "कोह हिनकडे."

कोह हिनचं दुकान शोभेच्या माशांच्या बाजारात, अगदी टोकाला. आत अंधार आणि सगळीकडे निळा उजेड. त्या उजेडात प्रवाळं अशी चमकत होती की डोळे दिपावेत. हिरवी, केशरी, जांभळी. प्राप्तोचे दातसुद्धा चमकत होते.

"पाक प्राप्तो! या, या! बू पण आल्यात? म्हणजे आज पाकीट उघडणार नाही," कोह हिन म्हणाला.

मी म्हटलं, "कोह, आधी हा निळा दिवा बंद करा. मला वस्तू खऱ्या उजेडात बघायची सवय आहे."

त्याने हसत बटण दाबलं. सगळी रोषणाई मावळली. निम्मी प्रवाळं आमच्या घरच्यासारखीच तपकिरी.

"बघा! लग्नातली नवरी आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुतलेली नवरी," मी म्हटलं.

"तसं नाही हो, बू." कोह हिनने स्टूल पुढे सरकवलं. "रंग आतच असतो, निळ्या उजेडात तो दिसतो एवढंच. तुमच्याकडे काय आहे? त्याच जुन्या पांढऱ्या ट्यूब? त्या म्हाताऱ्या झाल्या. उजेड कमी पडला की प्रवाळ तपकिरी होतं. मरत नाही, पण रुसतं. ट्यूब काढू नका. जोडीला एक एलईडी लावा."

एवढं ऐकून प्राप्तो केव्हाच एका भल्या मोठ्या काळ्या दिव्यापुढे जाऊन उभा राहिला होता. त्या दिव्याला पंखे होते. तो म्हणे फोनवरून चालायचा. त्यात पहाट होती, संध्याकाळ होती, चांदणं होतं, आणि बटण दाबलं तर वीजही चमकायची.

"बू, बघ, वादळ!" प्राप्तो म्हणाला. त्याच्या तोंडावर असा आनंद मी गालुहच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

"वॅट किती?" मी विचारलं.

आमच्या घराला तेराशे वॅट मिळतात, आणि त्या वॅटांची मालकीण मी आहे. एसी चालू तर इस्त्री बंद. पाण्याचा पंप चालू तर भाताचा कुकर बंद. एकाच वेळी दोघांचे लाड केले की मीटरवरचा खटका पडतो, जेग्लेक, आणि घरभर अंधार. मग "कोणी लावलं? कोणी लावलं?" असा ओरडा. टँकचे पंप आणि पाणी थंड ठेवायचं यंत्र हे आधीच माझ्या वॅटांवर बसून खात होते.

"वादळ मीटरमध्ये होईल, पाक," मी म्हटलं. "आणि टँक आपला उथळ. गुडघाभर पाण्याला दीपस्तंभ कशाला?"

"बू बरोबर बोलतायत," कोह हिन म्हणाला, आणि त्याने फळीवरून एक सडपातळ पट्टी काढली. निळी, थोडी जांभळी, बरोबर उजेड कमी-जास्त करायचा रिमोट. "ही ट्यूबच्या जोडीला. वॅट थोडे, काम पुरेसं. पण पाक, नीट ऐका. पहिल्या आठवड्यात अगदी मंद. मग थोडा वाढवा, मग आणखी थोडा. एकदम पूर्ण टाकलात तर भाजून निघेल. ऐकलंत?"

"ऐकलं, ऐकलं," प्राप्तो म्हणाला. नजर अजून वादळाकडेच होती.

ऐकलं कसलं, पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या दिवशी मंद उजेडात टँक सुरेख दिसला. बोटांच्या टोकांना हलकी सोनेरी झाक आली. गालुहने टाळी वाजवली. प्राप्तोने हिशेब केला असणार, की एवढ्या उजेडात एवढं सोनं, तर पूर्ण उजेडात केवढं! आणि पाहुणे तर तोंडावर आलेले. मी बाजारातून परतले तेव्हा खोली निळीजांभळी पेटलेली होती आणि रिमोट प्राप्तोच्या शर्टाच्या खिशात होता.

दोन दिवसांत प्रवाळाने बोटं आत ओढून घेतली. तिसऱ्या दिवशी ते फिकट पडलं. तपकिरी होतं तेव्हा निदान जिवंत वाटत होतं. आता नुसता पांढुरका कोंब, आणि तोही मधोमध आवळल्यासारखा.

प्राप्तो स्टुलावर बसून होता. मी तोंड उघडलं, कारण सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मिटलं. त्याचे डोळे भरले होते.

"मी माझ्या हाताने पोरीचं वाटोळं केलं, बू."

अति तिथं माती, हे मला म्हणायचं होतं. पण नवरा रडत असताना म्हणी सुचल्या तरी बोलायच्या नसतात. मी रिमोट काढून घेतला आणि दिवा मंद केला. तरी जीव राहीना. मिरचीची रोपं उन्हाने मान टाकतात तेव्हा मी त्यांच्यावर सावली धरते, तेवढंच मला येतं. मी जेवणाच्या टेबलाकडे गेले. तिथे तळलेल्या टेम्पेवर, आमच्या सोयाबीनच्या वड्यांवर, माश्या बसू नयेत म्हणून झाकलेली जाळीची टोपी होती, तुडुंग साजी, माझ्या आईने दिलेली, कडेला लाल फुलं असलेली. ती उचलली आणि टँकवर, बरोबर प्रवाळाच्या डोक्यावर पालथी ठेवली.

"हे काय?" प्राप्तोने नाक पुसत विचारलं.

"सावली."

त्याने कोह हिनला फोन लावला. पलीकडून हसणं मलाही ऐकू आलं. "लोक यासाठी खास जाळी विकत घेतात, पाक! ठेवा, ठेवा. हात लावू नका. आणि रिमोट बूंकडेच राहू द्या."

म्हणून रिमोट माझ्याकडे राहिला. आमचे आणखी काही दिवस टेम्पेवरच्या माश्या हाकलण्यात गेले. एका सकाळी गालुहच्या ओरडण्याने मी धावत आले. प्रवाळाने बोटं बाहेर काढली होती. थोडीच, आखडून, पण टोकांवर सोनं होतं. आणि मधला तो आवळलेला भाग? एका तोंडाची दोन तोंडं झाली होती. आम्ही दुखणं समजत होतो, आणि ते बिचारं मधोमध दुभागून वाढत होतं. प्राप्तोने गालुहला उचलून फिरवायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसला.

मागणीच्या दिवशी सकाळपासून मी वॅटांची सेनापती होते. इस्त्री आदल्या दिवशीच उरकली. पंपाने हंडे भरून ठेवले. पडदे ओढले, एसी लावला, टँक उजळला. जाळी काढून खुर्चीमागे लपवली. पाहुणे आले, हातात सजवलेली तबकं, चिकट तांदळाच्या वड्या, फळं, कापड. आजी मधल्या खुर्चीत बसली. दोन्हीकडचे मध्यस्थ काव्यमय भाषेत बोलू लागले, तुमच्या बागेत एक फूल आहे असं ऐकतो वगैरे. आणि पाक दार्सोनो? ते ना फुलाकडे बघत होते, ना मुलाकडे. ते टँकला नाक लावून उभे होते, आणि प्राप्तो त्यांच्या शेजारी, परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा.

माणसं सांगितल्यापेक्षा जास्त आली होती. भात पुरणार नाही असं मला वाटलं. मी आत जाऊन दुसरा कुकर लावला.

जेग्लेक.

एसी थांबला, दिवे गेले, टँक काळा पडला, पंपांची घरघर थांबली. "कोणी लावलं?" प्राप्तो सवयीने ओरडला. अख्ख्या सुराबायात वॅटांवर माझ्याइतकं भाषण कोणी दिलं नसेल, आणि पाहुण्यांसमोर खटका पाडला मीच. मी दुसरा कुकर बंद केला आणि भिंत चाचपत मीटरकडे निघाले. वाट टँकच्या मागून जाते. तिथे पोचले आणि अंधारात पाक दार्सोनोंचा आवाज ऐकला, अगदी हळू.

"पाक प्राप्तो, एक सांगू? माझं मेलं."

"काय मेलं?"

"मूळ झाड. ज्याची ही फांदी दिली ते. मी नवा दिवा आणला, मोठा. वादळवाला. पहिल्याच दिवशी पूर्ण टाकला." त्यांनी श्वास घेतला. "परीक्षा मी घातली आणि नापास मीच झालो. इबूंना माहीत नाही. आता जगात त्याचं एवढंच उरलंय, तुमच्याकडे. मी मागणी घालायला आलोय खरा, पण खरं सांगतो, एक तोंड मागायलाही आलोय. खिशात पिशवी आहे."

मग प्राप्तोला हसू फुटलं. तो असा हसायला लागला की त्याला टँकचा आधार घ्यावा लागला. "पाक," तो म्हणाला, "मीही पूर्णच टाकला होता." मग दोघंही हसायला लागले. पलीकडून आजी विचारत होती, "दिव्यावाचून एवढं काय सुचतंय यांना?"

मी खटका वर केला. उजेड आला. प्रवाळाने जराशी बोटं आखडली होती, ती पुन्हा पसरली. आजीने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एकाची दोन झाली. हे शुभ." बेरजेचा विषय तिथेच संपला. गालुहने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

जेवणं झाल्यावर प्राप्तोने ते प्रवाळ बाहेर काढलं आणि बारीक करवतीने दांड्यातून अलगद कापलं. एक तोंड आमचं, एक त्यांचं. पिशवीत पाणी भरताना तो सूचना देत होता, आणि पाक दार्सोनो शाळकरी मुलासारखे मान हलवत होते.

"आधी काही दिवस मिटून बसेल. घाबरू नका. जागा नवी आहे. उजेड एकदम टाकू नका, हळूहळू. आणि रोज हात लावून बघू नका, आपोआप उघडेल." पिशवीला गाठ मारली, तरी तो थांबला नाही. "आणि गालुहला, पाक, सकाळी चहा होईपर्यंत बोलायला लावू नका. रागावली तर जेवत नाही, पण ताट वाढून झाकून ठेवलं तर नंतर जेवते. रात्री पॅसेजमधला दिवा लागतो तिला. लहानपणापासून. मंद."

सकाळपासून मध्यस्थांनी फुलांवर केवढं बोलून घेतलं होतं, पण आपल्या मुलीबद्दल प्राप्तो पहिल्यांदाच बोलत होता. पाक दार्सोनोंनी पिशवी छातीशी धरली. "मंद दिवा," ते म्हणाले. "लावू. मी स्वतः लावीन."

मला तिथे उभं राहवेना. मी खुर्चीमागची जाळी काढली, लाल फुलांची, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. "ही पण न्या. तुमच्या हातात रिमोट असतो म्हणून." सगळे हसले, आणि मी नाक शिंकरायला स्वयंपाकघरात गेले.

आता लग्नाला महिना उरलाय. पाक दार्सोनोंनी परवा फोटो पाठवला, मलांगच्या टँकवर आमची तुडुंग साजी, आणि खाली सोनेरी बोटं. इकडे आमच्या टेबलावर टेम्पे उघडं पडलंय. प्राप्तो म्हणतो, बाजारात ढिगाने जाळ्या मिळतात, एक घेऊन ये. घेईन. सध्या गालुह शेजारी बसून हाताने माश्या वारते, आणि मला ते बघत बसायला आवडतं.