चिकटपट्टीच्या पायाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. पण लोकांनी बसून बसून मी जुनी झाले असे मात्र समजू नका. माझ्यावर कुणी धड बसतच नव्हते आणि त्यातच माझी बावीस वर्षे निघून गेली.

एका लहानशा वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. नळ्या वाकवून, सांधून, वर हिरवे रेक्झिन ठोकून कारागिराने मला उभे केले आणि पारखून बघायला तो स्वतःच धपकन माझ्यावर बसला. चांगला अडीच माणसांचा ऐवज होता तो. "हिच्यावर हत्ती बसवा, हूं की चूं करायची नाही!" तो म्हणाला आणि मी फुशारून गेले. मला वाटले, आता एखाद्या साहेबाच्या खोलीत माझी वर्णी लागणार. प्रत्यक्षात मी आले ती रुग्णालयाच्या चार नंबर वॉर्डामागच्या छोट्या खोलीत. सोबतच्या कागदावर लिहिले होते, 'सिस्टरांना बसण्यासाठी, नग एक.' अकरा सिस्टर आणि नग एक!

त्या एकावरही कुणी बसेना. माझ्यावर हातमोज्यांची खोकी असत, कुणाची पर्स, कुणाचा स्वेटर. बुटाची नाडी बांधायला कुणी टेकलीच, तर बाहेरून हाक येई आणि ती अर्धी नाडी तशीच ठेवून पळे. वजनावरून मी माणूस ओळखते. मोठ्या सिस्टर, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, परक्या घरी आल्यासारख्या माझ्या कडेला टेकत. त्यांची पाठ माझ्या पाठीला कधी लागली नाही. आणि बारकी सिस्टर? ती धाडदिशी बसायची आणि पाय हलवत राहायची. माझा मागचा डावा पाय डुगडुगू लागला तेव्हा तिनेच त्याला जखमेची पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. "हाड काही मोडलेलं नाही, खुर्चीबाई," ती मला म्हणाली, "पण तीन आठवडे नाचायचं नाही हं!" सगळ्या खोलीत हशा पिकला. माझे इतके लाड आधी कुणी केले नव्हते.

मग ती साथ आली. नवा आजार, भरभर पसरणारा. बारा खाटांच्या वॉर्डात तीस खाटा लागल्या. सिस्टर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात बंद झाल्या. एकदा तो चढवला की सहा-सात तास पाणी नाही, काही नाही. बाहेर दारावर मोठा फलक लागला: 'आमच्या देवदूतांना सलाम'. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. देवदूतांना भूक लागत नाही, झोपही लागत नाही, अशी त्यांची समजूत झाली असावी.

बारकीने आपल्या पाच वर्षांच्या लेकीला आजीकडे ठेवले होते. आजार घरी नको जायला, म्हणून. कामाची पाळी संपली की ती खोकी बाजूला सारून माझ्यावर बसे आणि फोन लावी.

"आई, तू जेवलीस?" लेक विचारी.

"हो तर! दोनदा जेवले."

तिच्या मांडीवरचा डबा मात्र जसाच्या तसा जड असे. मला कळत होते. पण खुर्चीने बोलायचे कुणाशी?

पुढे पुढे ती पाय हलवीनाशी झाली. थट्टा बंद झाली. ती दिवसेंदिवस हलकी होत होती आणि तरी बसताना जास्त जड वाटत होती. मला तिची काळजी वाटू लागली.

सात नंबरच्या खाटेवर एक म्हातारे शिंपी काका होते. धाप लागलेली असतानाही त्यांचे लक्ष तिच्या पोशाखाकडे. "पोरी, हे शिवलंय कुणी? काखेत आवळतंय बघ. बरा झालो की उसवून देतो," असे म्हणाले म्हणून तिने एकदा खोलीत येऊन सांगितले होते. पुष्कळ दिवसांनी ती हसली ती तेवढीच. मंगळवारी सकाळी काका गेले. त्यांच्या मुलाचा फोन तिनेच त्यांच्या कानाशी धरला होता. मग तिने हात धुतले आणि ती आठ नंबरकडे गेली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला एकेका रुग्णाची खबर देते. त्याला 'ओव्हर देणे' म्हणतात. हे काम आमच्या खोलीत दुपारी दोन वाजता, उभ्याउभ्याच चाले. बुधवारी बारकी ओव्हर देत होती, पुढच्या पाळीच्या चष्मेवाल्या सिस्टर लिहून घेत होत्या आणि मोठ्या सिस्टर ऐकत होत्या.

"सात नंबर," बारकी म्हणाली, "ताप उतरलाय. ऑक्सिजन कमी करायला हरकत नाही. पाणी थोडं थोडं मागतात, नळीने द्या. चारला मुलाचा फोन येईल. हातात देऊ नका, हात थरथरतात. कानाशी धरा."

चष्मेवाल्या सिस्टरांचे पेन थांबले.

"अगं," मोठ्या सिस्टर हळूच म्हणाल्या, "सातवर कालपासून तो ट्रकवाला आहे. ताप चढलेला."

"मग काकांना कुठे हलवलं?"

सात नंबरचा ऑक्सिजन कमी करायचे तसेच लिहिले गेले असते, तर त्या ट्रकवाल्याचे काय झाले असते? हा प्रश्न बारकीच्याही मनात त्याच क्षणी आला असणार, कारण तिच्या हातातली वही खाली पडली.

मोठ्या सिस्टर एरवी चुकीला माफी देणाऱ्या नव्हत्या. मला वाटले, आता काही खरे नाही. पण त्यांनी माझ्यावरची सगळी खोकी दोन्ही हातांनी जमिनीवर ढकलली. "बस," त्या म्हणाल्या.

"मी बरी आहे, सिस्टर. अजून दोन ड्रेसिंग राहिलीत..."

"बस म्हणते ना!"

ती बसली आणि थरथरू लागली, इतकी की माझा चिकटपट्टीचा पाय फरशीवर वाजू लागला. पण मी पाय रोवून उभी राहिले.

"ओव्हर अजून संपलेली नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "एक पेशंट राहिलाय. घ्या लिहून. हं, झोप किती?"

बारकीला आधी कळलेच नाही. मग ती म्हणाली, "दोन तास. तीन असेल."

"पोटभर कधी खाल्लंस?"

"शनिवारी."

"तक्रार?"

"फोनवर लेक दिसते ना, सिस्टर, तर मला काहीच वाटत नाही. आनंद नाही, रडू नाही. आपल्याच लेकीला बघून! मला माझीच भीती वाटते." आणि मग ती रडली. नाक पुसत, हुंदके देत, लहान मुलीसारखी रडली.

चष्मेवाल्या सिस्टरांनी सगळे लिहून घेतले आणि खाली आपले नाव घातले. "हा पेशंट मी घेतला," त्या म्हणाल्या. "आधी डबा उघड."

त्याच दिवशी मोठ्या सिस्टर ऑफिसात जाऊन कडाकडा भांडल्या. बारकीला आठ दिवसांची रजा मिळाली आणि मनाच्या डॉक्टरांची वेळही. शिवाय वॉर्डात नवा नियम झाला: ओव्हरमध्ये शेवटचा पेशंट म्हणजे घरी जाणारी सिस्टर, आणि ही ओव्हर खुर्चीवर बसूनच द्यायची. तेव्हा कुठे मी खरी खुर्ची झाले.

यामुळे सारे आलबेल झाले असे सांगितले, तर ते खोटे होईल. एकीने नोकरी सोडली. दुसरी 'मी एकदम मस्त' म्हणे, आणि तिचे वजन मला वेगळेच सांगे. बारकी परत आली ती थोडी अबोल होऊनच. दर गुरुवारी ती डॉक्टरांकडे जात राहिली. अडीच महिन्यांनी एकदा बोलता बोलता तिचा पाय हलला. मी तो मोजून ठेवला आहे.

हळूहळू साथ ओसरली. फलकाचा रंग उडाला, खाटा पुन्हा बारा झाल्या आणि हातमोज्यांची खोकी परत माझ्यावर येऊन बसली. मग एका दुपारी बारकीने ती सगळी उचलली.

"मोठ्या सिस्टर, तुमची ओव्हर राहिलीय."

"माझी? माझं काय असायचं!"

"आमच्या सगळ्यांची घेतलीत. तुमची एकदाही झाली नाही. बसा."

त्या नेहमीसारख्या कडेला टेकल्या. बारकी समोर जमिनीवर बसली, मांडीवर वही घेऊन. "झोप किती?" तिने विचारले.

मग बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ माझ्या पाठीला लागली. मित्रांनो, केवढे ते ओझे! तो वर्कशॉपवाला हत्तीच्या गोष्टी करत होता, पण त्याला काय ठाऊक! माझा चिकटपट्टीचा पाय करकरला. मी मात्र हूं की चूं केले नाही.

तुमच्याही घरात एक माणूस असेल, जो सगळ्यांना 'जेवलास का, झोपलास का' विचारतो. एकदा त्यालाही विचारा. पण त्याआधी खुर्चीवरचा पसारा उचला. उभ्या माणसाला विचाराल, तर तो 'बरा आहे' एवढेच सांगून कामाला निघून जाईल.

"लिही," मोठ्या सिस्टर शेवटी म्हणाल्या, "झोप नाही." आणि बारकीने वहीत, शेवटच्या पेशंटच्या जागी, त्यांचे नाव लिहिले.