उन्हाची दोन उत्तरं

खिडकीच्या गजाला मोबाइल टेकवून मानसी होकायंत्राचा आकडा वाचत होती, तेवढ्यात मागून खाटेवरून आवाज आला.

"गज लोखंडाचा आहे. हात बाहेर काढून बघ."

झालं! ज्या माणसाच्या पोटात धड पाणी ठरत नव्हतं, त्याचं लक्ष मात्र गजाकडे. मानसीने हात बाहेर काढला. आकडा खरंच बदलला.

"पश्चिमेच्या साडेबारा अंश दक्षिणेला. काल नकाशावरून फटीचा कोन तेवढाच धरला होता मी."

"आता कसं," जयवंत परब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. बोरिवलीच्या या घरात संध्याकाळचं ऊन थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत यायचं. उत्तरपत्रिका त्याच उजेडात तपासून व्हायच्या. मग समोरच्या बैठ्या गाळ्यांच्या जागी दोन टॉवर उभे राहिले आणि ऊन गेलं. दोघांच्या मधे एक फट तेवढी उरली. हॉस्पिटलातून घरी आल्यावर परबांनी पडल्या पडल्या मुलीला गणित घातलं होतं: सूर्य त्या फटीत कधी मावळेल ते काढ. एक दिवस तरी खोलीत येईल मेला.

मानसी मरोळच्या ऑफिसातून रजा काढून आली होती. गणितात तिचा हात चांगला होता, आणि तो बाबांनीच बसवला होता. पण या वेळी कागद पुढ्यात घेताना तिला डॉक्टरांची केबिन आठवत होती. "जूनपर्यंत धरून चला," डॉक्टर म्हणाले होते. "पुढचं मी सांगू शकत नाही." बाहेर आल्यावर आईने, रुक्मिणीबाईंनी, तिचा दंड घट्ट धरला.

"त्यांना कळता कामा नये. हाय खातील गं. माझी शपथ आहे तुला."

तेव्हापासून घरात आतड्याला सूज होती, आणि ती औषधाने उतरणार होती. रुक्मिणीबाई दिवसभर मोठमोठ्याने बोलत, उगाच हसत, भांडी आपटत. खोटं बोलायची सवय नसली की माणसाला आवाज फार लागतो.

"हं, वाच," परब म्हणाले.

मानसीने कागद गुडघ्यावर घेतला. "सगळं करून साइन उणे अर्धा येतो. कोन उणे तीस. मोजायचं एकवीस मार्चपासून, दिवसाला साधारण एक अंश, म्हणजे त्याच्या महिनाभर आधी. एकोणीस फेब्रुवारी."

"शिवजयंती! वा. सूर्यानेही सुट्टीचा दिवस धरला." ते हसले. संक्रांत नुकतीच झाली होती. फेब्रुवारी काही लांब नव्हता. "आणि?"

"आणि काय?"

"दुसरं कुठंय?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"अगं, साइन उणे अर्धा, आणि उत्तर एकच? सूर्य उत्तरेला जाताना त्या फटीतून जातो, तर दक्षिणेला परत येताना जाणार नाही का? कॅल्क्युलेटर एकच देतो म्हणून तू एकच लिहिणार? अर्धे मार्क कापायचो मी याला."

"माहितीये, बाबा."

"माहितीये तर लिहिलं का नाहीस?" त्यांनी डोळे उघडले. "तू तर कधीच सोडायची नाहीस दुसरं उत्तर."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग वर्गात फळ्याशी उभ्या केलेल्या पोरांना विचारायचे तसंच, सवयीने, विचारलं. पुस्तकात डोमेन छापलेलं असायचं. परब सर त्याला हद्द म्हणायचे. उत्तर कुठून कुठपर्यंत शोधायचं ते आधी सांग, मग तोंड उघड.

"हद्द काय धरलीस?"

"जूनपर्यंत."

बोलून गेली. विसरले म्हणाली असती तर निभावलं असतं. नाही तर चुकलं म्हणायचं. पण या माणसाने गणितातला प्रश्न विचारला की खरं उत्तर देण्याखेरीज तिला काही येतच नव्हतं. काल दोन्ही तारखा निघाल्या होत्या. दुसरी बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना, म्हणून तिने हद्दच अलीकडे ओढली होती. आईची शपथ मोडली, आणि तीही अशी.

परब खिडकीतून त्या फटीकडे पाहत होते. त्यांचा अंगठा चादरीच्या काठावरून पुढे गेला, मागे आला.

"जूनपर्यंत," ते म्हणाले. "मग बरोबर आहे. एकच."

"बाबा..."

"बरोबर आहे म्हटलं ना. रडू नकोस. आईला कळेल."

तिने ओढणीने तोंड पुसेपर्यंत रुक्मिणीबाई पेजेची वाटी घेऊन आल्याच. "काय ठरलं बापलेकीचं?" त्या दारातूनच ओरडल्या. "कधी येणार ते मेलं ऊन?"

मानसीने तोंड उघडलं. पण परब आधी बोलले. त्यांचा आवाज इतका खणखणीत कित्येक दिवसांत ऐकू आला नव्हता.

"वर्षातून दोनदा. एकदा शिवजयंतीला आणि एकदा ऑक्टोबरात, बावीस-तेवीसला."

"ऑक्टोबरात?" वाटीतला चमचा वाजला.

"हो. दिवाळीच्या तोंडावर. फेब्रुवारीत हुकलं तर तेव्हा बघू. काय घाई आहे?"

रुक्मिणीबाई वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग खाटेच्या कडेला टेकल्या आणि पेजेवर फुंकर घालू लागल्या. पेज काही तेवढी गरम नव्हती.

"मग तेव्हा खाट खिडकीशी सरकवू," त्या म्हणाल्या. नेहमीसारख्या मोठ्याने नाही. "नाहीतर तोवर तुम्ही चालायलाच लागाल."

"लागेन की."

त्यांनी आ केला. त्या दिवशी त्यांनी पेज सगळी खाल्ली. मधे एकदा ठसका लागला, पण थांबले नाहीत. मानसीने पेन्सिल घेतली आणि एकोणीस फेब्रुवारीच्या खाली दुसरी तारीख लिहिली.