पूजेची तारीख

त्या सकाळी भुपेंद्रभाऊंनी टेकचंदकाकांना ‘टेकचंदजी’ म्हटलं, तेव्हाच मी हातातलं काम थांबवलं. बत्तीस वर्षं ज्या माणसाला ‘काका’ म्हणत आलात, त्याला एकाएकी ‘जी’ लावायचं म्हणजे काहीतरी बिनसलंय हे कोणालाही कळतं.

तुमसरच्या आमच्या राइस मिलमध्ये भुपेंद्रभाऊ मालक, टेकचंदकाका मुनीम, आणि मी तृप्ती, काकांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर हिशेब चढवणारी. चार वर्षं झाली. बी.कॉम. करून जे कळलं नव्हतं ते काकांनी शिकवलं, आणि तेही कधी आवाज न चढवता. आवाज चढवायचं खातं माझ्याकडे होतं.

भानगड अशी की वर्षाचे हिशेब तपासताना भंडाऱ्याच्या सीएंना दोन लाख छत्तीस हजार पाचशे रुपये सापडेनात. आमच्या पुस्तकात ते बँकेत जमा होते, बँकेत मात्र नव्हते. फरक मागच्या हिवाळ्यातला दिसतो, एवढंच त्यांनी कळवलं होतं. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात काकांच्या रिताचं लग्न झालं होतं, दिघोरीला. चांगलं झालं होतं. मुनिमाने पोरीचं लग्न चांगलं केलं की ते चार लोकांच्या डोळ्यांत खुपतंच.

भुपेंद्रभाऊ वाईट माणूस नाही. पण आधी तापायचं आणि मग विचार करायचा, ही त्यांची रीत. सकाळी नऊ वाजता त्यांनी काकांच्या समोरच रिताच्या सासऱ्यांना फोन लावला आणि विचारलं, लग्नात नगदी किती आले, जावयाच्या गाडीचे पैसे कोणी भरले. काका हात बांधून ऐकत होते. मला इतका राग आला की हातातला पेन मी टेबलावर आपटला. नोकरी करणाऱ्याचा राग पेनापर्यंतच जातो.

“टेकचंदजी, तुमी इथंच बसा,” भाऊ म्हणाले. “तृप्ती, मागचे सगळे बँकेचे मेळ काढ. एकेक महिना पाय. पाच वाजता मी कागद घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन राहिलो. अन् उद्यापासून ही खुर्ची तुही.”

खुर्ची मला हवी होती, हे कशाला लपवू? पगार दुप्पट झाला असता. अशी नको होती, पण हवी होती.

काका खिडकीजवळच्या बाकावर बसले. डबा शेजारी ठेवला. मी कॉम्प्युटर उघडला.

मेळ म्हणजे फार अवघड प्रकार नाही. आपल्याकडे चेक आला की आपण पुस्तकात त्याच दिवशी चढवतो, बँकेत तो वटतो दोन-चार दिवसांनी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चेकपुढे एक रकाना असतो, तिथे बँकेची तारीख भरायची. रकाना कोरा असला तर पैसे अजून वाटेत आहेत. सगळे रकाने भरले की खालचा आकडा बँकेच्या कागदाशी ताडून बघायचा. आम्ही रकाने भरत होतो. खालचा आकडा ताडायचं काम कोणाचं होतं, ते मी त्या वेळी स्वतःलाही विचारलं नाही.

एप्रिलपासून सुरुवात केली. एप्रिल जुळला. मे, जून, जुलै जुळले. दर महिन्याला वाटायचं, आता फरक निघेल आणि काकांची सही त्याच्याखाली असेल. एक वाजला तरी काकांनी डबा उघडला नाही. मिलमध्ये भरडाई चालू होती, टेबल थरथरत होतं.

सप्टेंबर जुळला. दिवाळीच्या महिन्यात फरक आला. दोन लाख छत्तीस हजार पाचशे, एक पैसाही इकडेतिकडे नाही. पुढच्या प्रत्येक महिन्यात तोच आकडा.

त्या महिन्यातले चेक मी एकेक करून बँकेच्या कागदावर शोधले. एकच सापडला नाही, गोंदियाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याचा. आमच्याकडे त्याच्यापुढे बँकेची तारीख भरलेली होती. ती तारीख होती लक्ष्मीपूजनाची. त्या दिवशी बँकेला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी चेक वटला कसा?

आणि मला सगळं आठवलं.

आमच्या मिलमध्ये लक्ष्मीपूजनाला लाल फडक्यातली जुनी वही मांडतात, तिच्यावर आता लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर हंगामातला पहिला चेक; पूजा झाली की तो वहीत ठेवून फडकं बांधतात. भाऊंच्या आईंचा, गोदावरीबाईंचा, नियम कडक. देवीसमोर हिशेब अर्धवट ठेवायचा नाही. कागदाच्या वहीत काका नुसती रेघ ओढायचे. कॉम्प्युटरवर कोरे रकाने दिसतात, म्हणून पूजेआधी सगळ्या कोऱ्या रकान्यांत ते पूजेची तारीख भरत. मिल उघडली की त्या तारखा पुसत, बाईंकडून चेक आणून बँकेत टाकत, आणि मग खऱ्या तारखा भरत. कोणत्याही सीएने हे ऐकलं तर कपाळावर हात मारेल, पण आमच्याकडे ते वर्षानुवर्षं बिनघोर चाललं होतं.

मागच्या दिवाळीनंतर काका लग्नाची बोलणी करायला दिघोरीला होते. तिथून त्यांचा फोन आला होता, “तृप्ती, पूजेच्या तारखा पुसजो वं. अन् बाईकडून चेक आणून बँकेत टाकजो.” मी हो म्हटलं होतं.

कोणी केव्हा काय बदललं, याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. मी ती उघडली. पूजेच्या तारखा नऊ, पुसलेल्या आठ. वेळ सकाळी अकरा वीस. नाव ‘मुनीम’. काकांचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, आणि मी त्यांच्या नावानेच काम करते. आठव्यानंतर बहुतेक धानाचा ट्रक वजनकाट्यावर आला असेल आणि मी उठले असेन. नववा राहिला, आणि चेकची आठवण तर झालीच नाही.

“भेटलं का?” भाऊ मागे येऊन उभे होते. साडेचार झाले होते.

“भेटलं.”

“कोणाच्या नावानं आहे?”

“काकाच्या. दिवाळीनंतरच्या नोंदीत,” मी म्हटलं. आणि ते खोटंही नव्हतं.

भाऊंनी खोल श्वास घेतला. प्रिंट काढायला सांगितली. टेबलावरची मोटरसायकलची किल्ली उचलली.

मी काकांकडे बघितलं. ते खाली फरशीकडे बघत होते. त्या दिवशी आपण दिघोरीला होतो, हे त्यांना आठवत नसेल असं कसं म्हणू? पोरीचं लग्न ठरल्याचा दिवस कोणता बाप विसरतो? एक शब्द त्यांनी काढला असता तर मी सुटले असते, मला कबूल करायची पाळी आली नसती. त्यांनी तो काढला नाही. प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला, त्याच्यावर ‘मुनीम’ असं छापलेलं. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

“भाऊ, थांबा,” मी म्हटलं. “नाव काकाचं आहे. काम म्या केलं होतं.”

सगळं सांगितलं. फोन, आठ तारखा, नववी तारीख, चेक.

“मंग चेक कुठं आहे?” भाऊंनी विचारलं.

“बाईजवळ असन. फडक्यात.”

गोदावरीबाई मिलच्या मागेच राहतात. दिवाळीशिवाय फडकं सोडत नाहीत, असं म्हणत म्हणत त्या आल्या, पण लेकाचं तोंड बघून गाठ त्यांनी स्वतःच सोडली. वहीच्या पहिल्या पानावर चेक होता. कोपऱ्यावर कुंकू वाळलेलं. मुदत कधीच उलटून गेलेली.

भाऊ खुर्चीवर बसले. मोठ्याने हसले, एकटेच. “झालं ना मंग. गोंदियावाल्याकडून नवीन चेक मागू. तृप्ती, खुर्चीचं तू आता विसर.” मग बाकाकडे वळून म्हणाले, “चला काका, चहा घ्या.”

काका उठले. टेबलापाशी आले. चेक उचलून बघितला आणि होता तसा ठेवला.

“चेक नवीन भेटते, भुपेंद्रभाऊ,” ते म्हणाले. “सकाळी माह्या पोरीच्या घरी जो फोन केला, त्याचं काय करता?”

“करतो ना. संध्याकाळी सांगतो त्याईले.”

“आता लावा. माह्यासमोर.”

माझ्या चार वर्षांत काकांनी मालकाला काही करायला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. भाऊंनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. दुसऱ्याच घंटीला रिताच्या सासऱ्यांनी उचलला.

“बोला शेठ. आमी सकाळपासून गाडीच्या पावत्या शोधूनच राहिलो. सुनेले बी समोर बसवलं हाय. ते म्हणते तिले काही मालूम नाही.”

सकाळपासून. म्हणजे मी एप्रिल, मे, जून बघत होते तेव्हापासून ती पोरगी तिथे बसली होती.

भाऊंनी खुर्ची मागे सरकवली. गोदावरीबाई फडक्याची घडी करत राहिल्या. मी फोन उचलला.

“मी तृप्ती बोलून राहिली, मिलमधून. पावत्या शोधू नका. पैसे कोणी घेतले नाही. चेक बँकेत टाकायचा राहिला होता, अन् तो माह्या हातून राहिला. चूक माही आहे, काकाची नाही. सूनबाईले उठवा.”

तिकडे भांडं सरकल्याचा आवाज आला. मग फोनवर रिता आली. आवाज बसलेला होता.

“ताई,” ती म्हणाली, “बाबा जेवले का?”

मी बाकाकडे बघितलं. डबा सकाळी ठेवला होता तसाच होता, झाकण लावलेला.