चाखणकरांची जीभ

चहाच्या कंपनीत सगळे त्यांना चाखणकर म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं. पण तीस वर्षं रोज शंभरेक कपांतला घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि नाक मुरडायचं, अशा माणसाला दुसरं नाव शोभणार तरी कुठलं? घरी बायकोच्या चहाला मात्र त्यांचं एकच प्रशस्तिपत्रक: "काढा झालाय."

आता त्याच जिभेच्या कडेला गाठ आली होती. उद्या सकाळी ऑपरेशन. जीभ किती कापावी लागेल, ते टेबलावर घेतल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले होते. चव जाईल, कदाचित बोलणंही. आज संध्याकाळी सातनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नव्हता.

बायकोने दुपारपासून टेबल भरून टाकलं होतं. संत्री, मध, ताजा पाव, लोणी. "आज मनसोक्त खा," ती म्हणाली. ते खात होते, पण कशालाच चव लागेना. सुरी लागण्याआधीच भीतीने जिभेचं काम उरकलं होतं. 

साडेसहाला तिने कपाटातून सीलबंद डबा काढला. वर्षातली सगळ्यात उत्तम पत्ती, ऑफिसातल्यांनी दिलेली.

"राहू दे तो. बरा झालो की फोडू."

"आणि..." ती अडखळली. मग तिने झाकणच उचकटलं. "बरे झालात की दुसरा आणू."

ती नाजूक पत्ती तिने नेहमीसारखी दुधात टाकून रटरटा उकळली. चाखणकरांचा जीव कळवळला, पण त्यांनी कप हातात घेतला. त्यांनी फुर्रकन घोट घेतला, घोळवला, सवयीने थुंकायला वाकले आणि गिळला. साखर जास्त, पत्ती करपट. चव लागत होती!

"कसा झालाय?" तिने पाठमोरीच विचारलं.

'छान' अगदी ओठांवर आलं होतं. पण आज छान म्हटलं, तर आपण निरोप घेतोय हे तिला लगेच कळलं असतं.

"काढा झालाय. एवढ्या चांगल्या पत्तीचं वाटोळं केलंस."

ती हसली आणि हसता हसता रडली. "परवाही असंच म्हणायचं. बोलता नाही आलं, तर तोंड वाकडं करून दाखवा. मला कळेल."

सातला दहा मिनिटं होती. त्यांनी रिकामा कप पुढे केला. 

"अजून अर्धा दे."